बांगड्याच्या मागे गेलो नि गोव्याच्या पाण्यात शिरलो – आता नियम नक्की कुणाचा धरायचा?

कांडाळीवाला
मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची छोटी फायबरची होडी आहे, ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, कांडाळी जाळी (पाण्यात भिंतीसारखी वाहती सोडायची), माणसं तीन. नोंदणी, मासेमारी परवाना, विमा सगळं महाराष्ट्राचं आणि सगळं चालू. वडिलांकडून होडी माझ्याकडे आली त्याला दोनच वर्षं झालीत त्यामुळे अनुभव कच्चा हे आधीच कबूल करतो. तर जानेवारीत सिंधुदुर्गातल्या रेडीच्या समोर पहाटे जाळी सोडली, बांगडा चांगला लागत होता, वारा उत्तरेचा, जाळी आपली वाहत वाहत दक्षिणेला चालली आणि आम्ही तिच्या मागे. मी मोबाईलवर बघत होतो, तेरेखोल नदीचं तोंड अजून पुढे होतं, म्हणजे मी निर्धास्त. जाळी ओढायला घेतली आणि गस्तीची बोट आली. परवाना दाखवला तर म्हणाले हा तिकडचा, इथे चालत नाही. मी म्हटलं साहेब नदी तर अजून लांब आहे, तर ते हसले. नंबर लिहून घेतला, फोटो काढले, आणि पुन्हा दिसलात तर होडी किनाऱ्याला लावू म्हणून सोडलं. बोलणं नीट होतं, उगाच खोटं सांगत नाही.

आता प्रश्न असा की हद्द नक्की कुठे? आणि माझा परवाना होडीला चिकटलेला आहे की पाण्याला? बंदीचे दिवस, जाळ्याचे आस (भोकं), माशाची साइज, प्रत्येक राज्याचं वेगळं असेल तर आम्ही नक्की काय पाळायचं?

जुनो_तांडेल
बाबा, तुजी चूक खंय झाली ती सांगतंय. तू नदीचा तोंड हद्द धरलंस, थंयच फसलंस. तेरेखोलचो किल्लो नदीच्या खंयच्या बाजूक आसा? उत्तरेक. आणि किल्लो कोणाचो? गोव्याचो. मगे?

बाकीचं शुद्ध मराठीत लिवतंय, नायतर पुण्यावाले भाषांतर मागतले. तर नदीच्या उत्तरेला तेरेखोल गाव आणि किल्ला एवढा तुकडा गोव्यात आहे. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला तेव्हापासून ती भानगड आहे. जमिनीवरून जाणाऱ्याला पाटी दिसते, समुद्रातून येणाऱ्याला काय दिसणार? तो नदीचं तोंड बघतो आणि म्हणतो गोवा तिथून. तसं नाही. हद्द किल्ल्याच्या अलीकडे समुद्राला मिळते, तिथून बाहेर पाण्यात धरायची. गस्तीवाले हसले ते यासाठीच, तुझ्यासारखे बरेच सापडत असणार त्यांना.

खाली कारवारला पण अशीच गंमत. लोकांना वाटतं काळी नदी म्हणजे गोव्याची हद्द. अरे, काळी कारवारलाच, हद्द तिच्या वर पोळे आणि माजाळीच्या मध्ये. नदीवर भरवसा ठेवायचा नाही, गाव कुणाचं ते बघायचं.

कांडाळीवाला
काका, _/\_ . किल्ला रोज बघतो हो, पण हे डोक्यातच आलं नाही.

सुका_जवळा
पोर्तुगीज गेले १९६१ ला, दंड मात्र अजून त्यांच्यामुळे भरायचा 😀

काळा_कोट
थोडं कायद्याचं बोलतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

घटनेत मासेमारी दोन ठिकाणी आहे. राज्यसूचीत २१ नंबरला 'मत्स्यव्यवसाय', आणि केंद्रसूचीत ५७ नंबरला 'प्रादेशिक जलधीच्या पलीकडची मासेमारी'. म्हणजे किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत, साधारण २२ किलोमीटर, राज्याचं चालतं, त्याच्या बाहेर २०० मैलांपर्यंत केंद्राचं. १२ मैलांच्या आत प्रत्येक राज्याने आपापला कायदा केलाय. गोव्याचा १९८०, त्यात तेव्हा दमण-दीव पण होतं, महाराष्ट्राचा १९८१, कर्नाटकाचा १९८६, आणि गुजरातने तर २००३ पर्यंत वाट बघितली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये सुधारणा करून दंड लाखांच्या घरात नेले आणि निवाड्याचं काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नोंदणी होडीची असते, ती होडीबरोबर सगळीकडे जाते. मासे मारायचा परवाना मात्र त्या राज्याच्या पाण्यापुरता. तुमचा परवाना खोटा नव्हता, तुम्ही चुकीच्या पाण्यात तो दाखवत होता. ड्रायव्हिंग लायसन्ससारखं हे नाही, ते देशभर चालतं म्हणून आपली गफलत होते.

एक मात्र लक्षात ठेवा, नुसतं जाणं-येणं आणि मासे मारणं यात फरक आहे. राज्याने एखादा पट्टा मासेमारीला बंद केला तरी बोटींना त्यातून पलीकडे ये-जा करायची मुभा असते. पण जाळं पाण्यात असेल तर तुम्ही 'जात होतो' हे कुणी ऐकणार नाही. तुमचं जाळं पाण्यात होतं.

कांडाळीवाला
पण सर, जाळी मी टाकली आपल्या पाण्यात. वाहत गेली ती.

काळा_कोट
वाहती जाळी वाहणारच, ती तुमची म्हणून तिच्याबरोबर तुम्ही पण. टाकली कुठे याच्यापेक्षा आत्ता आहे कुठे हेच बघतात.

पात_आणि_पाणी
हे सगळं बरोबर आहे पण मला एक कळत नाही, आमच्यासारखा पातवाला (छोट्या होडीवाला) अर्धा मैल पलीकडे गेला की फोटो, नंबर, दम. आणि बाहेरच्या राज्यांतले हायस्पीड ट्रॉलर (जाळं फरफटत ओढणाऱ्या मोठ्या बोटी) रात्रीचे येऊन आमची जाळी कापून घेऊन जातात, मागच्या मोसमात माझी गेली, आठवडाभर बसून शिवत होतो, त्यांना कोण विचारतं? त्यांचं इंजिन कितीचं आणि आपल्या गस्तीच्या बोटीचं कितीचं, पकडणार कसं. कायदा हळू पळणाऱ्याला लागतो.

काळा_कोट
राग रास्त आहे. पण तुमच्या आणि धागाकर्त्याच्या दोन्ही बाबतीत नियम एकच आहे बघा. पाणी ज्याचं त्याचा परवाना. तो इथे ढिला करा म्हणाल तर तिथे पण ढिला होईल.

पात_आणि_पाणी
पटतंय पण आवडत नाही.

जुनो_तांडेल
मूळ गोष्ट अजून कुणी बोललंच नाही. नियम किती वेगळे असावेत, तर मोजायची पद्धत पण वेगळी! किनाऱ्याजवळ ट्रॉलिंग नको हे सगळ्यांचं म्हणणं, कारण तिथे छोट्या मच्छीमारांचं पोट आणि माशांची पिल्लं. पण महाराष्ट्र मोजतो खोलीने, ५ वाव, काही ठिकाणी १० वाव. गोवा मोजतो अंतराने, ५ किलोमीटर. कर्नाटक ६ किलोमीटर. गुजरात ५ सागरी मैल, म्हणजे ९ किलोमीटरच्या वर. आता ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, रेघ ओलांडतो तेव्हा त्याने इको साउंडर बघायचा बंद करून जीपीएस बघायला लागायचं. आमच्या उमेदीत दोरीला शिसं बांधून वाव मोजायचो, एक वाव म्हणजे दोन हात पसरल्यावर जेवढं तेवढं, सहा फूट. १० वाव म्हणजे १८ मीटर झाले. किनारा उताराचा असेल तर १० वाव लगेच लागतात, सपाट असेल तर मैलोन्‌मैल जा, लागत नाहीत. त्यामुळे मला विचाराल तर वाव हीच शहाणी मोजणी, मासा खोली बघतो, किलोमीटर बघत नाही. पण भांडणात किलोमीटर सिद्ध करणं सोपं हे पण खरं.

निळीशार
पर्ससीनचं, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळायच्या जाळ्याचं, सांगा ना कुणीतरी. माझा मावसभाऊ गोव्यात पर्ससीनवर खलाशी आहे, तो म्हणतो जानेवारीत पण त्यांचं चालू असतं, आणि इकडे तर म्हणे डिसेंबरनंतर बंद. मग खरं काय?

काळा_कोट
दोन्ही खरं. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश काढला. त्यात पर्ससीनला राज्याच्या पाण्यात सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने ठेवले, परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आणली, जाळ्याचा आस २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. गोवा आणि कर्नाटकात अशी सरसकट चार महिन्यांची चौकट नाही. केरळ आणि तामिळनाडूत तर राज्याच्या पाण्यात पर्ससीनलाच बंदी.

म्हणजे जानेवारीतल्या एकाच सकाळी एकच बोट गोव्यात कायदेशीर आणि रेडीसमोर बेकायदा असू शकते. मावसभावाला सांगा, तांडेल उत्तरेला वळला की कॅलेंडर बदलतं.

निळीशार
आणि १२ मैलांच्या बाहेर?

काळा_कोट
तिथे केंद्र. पर्ससीनवर केंद्राची बंदी नाही पण एलईडी लाइट लावून मासे खेचणं, आणि दोन ट्रॉलरनी मिळून एक जाळं ओढणं म्हणजे बुल ट्रॉलिंग, या दोन्हींवर नोव्हेंबर २०१७ पासून बंदी आहे. म्हणून 'मी बाहेर एलईडी लावला, आत नाही' ही सबब कुठेच चालत नाही.

तामिळनाडूचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. राज्याची बंदी १२ मैलांच्या आत, बाहेर केंद्राची मोकळीक, पण बोट निघणार तर राज्याच्याच बंदरातून ना. ते सुप्रीम कोर्टात गेलं. २४ जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशात कोर्टाने १२ मैलांच्या बाहेर पर्ससीनला आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ अशी मुभा दिली, ट्रॅकिंगच्या अटी घालून. म्हणजे जायचं, ओढायचं आणि परत यायचं, सगळं दहा तासांत.

सुका_जवळा
मासे पण सोमवार-गुरुवार उपास करत असतील बहुतेक.

झाईचा_पोरगा
आम्ही पार वरच्या टोकाला. आमच्याकडे झाई संपलं की उंबरगाव, गुजरात. अजून वर गेलं की दमण, ते केंद्रशासित, मग पुन्हा गुजरात. सकाळी निघून दुपारपर्यंत तीन कारभार बघून येता येतात.

आमचा कायमचा वांधा पावसाळी बंदीचा. पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, हे सगळ्यांना पाठ. २०१५ च्या आधी ४७ दिवस असायचे. पूर्व किनाऱ्याला १५ एप्रिल ते १४ जून, तिकडचं वेगळं. पण गुजरातने अलीकडे आपली बंदी १५ ऑगस्टपर्यंत नेली. म्हणजे १ ऑगस्टला आम्ही सुटतो आणि शेजारची बोट अजून किनाऱ्यावरच. तेव्हा थोडं जरी वर सरकलो तरी तिकडे अजून बंदी चालू असते. आणि खरं सांगू, आमच्यातल्या बऱ्याच जुन्या लोकांना १५ ऑगस्टच बरं वाटतं. नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही ही पद्धत काय उगाच होती का, समुद्र शांत कधी होतो ते त्यांना कळत होतं.

केरळात तर ट्रॉलिंग बंदी ९ जूनच्या मध्यरात्री सुरू होते, ५२ दिवसांची. प्रत्येकाचा पावसाळा वेगळा.

कांडाळीवाला
बंदीवरून आठवलं. माझं इंजिन ९.९ चं. मला एकाने सांगितलं की १० हॉर्सपॉवरच्या आतल्या होड्यांना पावसाळ्यात सूट आहे. खरं का? कारण जूनमध्ये दोन महिने घरी बसणं परवडत नाही.

जुनो_तांडेल
थांब थांब थांब. ह्या ऐकून गेलंस तर होडी जाईत.

ती सूट दक्षिणेकडची. कर्नाटकात १० हॉर्सपॉवरपर्यंतच्या पारंपरिक होड्यांना बंदीतून वगळतात, गोव्यात पण तेवढ्याच ताकदीच्या आउटबोर्डवर फक्त कांडाळी जाळी लावणाऱ्या नोंदणीकृत होड्यांना सूट असते. महाराष्ट्रात सूट फक्त बिगरयांत्रिक होड्यांना. वल्ही, शीड. इंजिन लागलं की संपलं, मग ते २ चं असो का २०० चं. आणि गोव्याची सूट गोव्याच्या होड्यांना, तू तिकडे जाऊन 'माझं पण ९.९ आहे' म्हणालास तर परत तोच परवान्याचा प्रश्न. शिवाय जूनचा समुद्र. कायदा सोड, तुज्या आवशीक विचार.

कांडाळीवाला
आई वाचत नाही म्हणून बरं 😅 जाणार नाही काका.

ह्यूस्टनचा_गळकरी
मी हौशी, गळवाला, जाळी वगैरे नाही. अमेरिकेतलं सांगतो, तिथेही हीच डोकेदुखी आहे पण काही ठिकाणी तोडगा काढलाय. तिकडे राज्यांचं पाणी साधारण ३ सागरी मैल, पण टेक्सासला आणि फ्लोरिडाच्या आखाताच्या बाजूला ९ मैल. म्हणजे आखातात बोट नुसती पूर्वेला नेली की राज्याच्या पाण्याची रुंदीच बदलते.

तलावांचं मात्र छान आहे. टेक्सोमा नावाचा तलाव टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या मध्ये आहे, त्याचं वेगळं लायसन्सच मिळतं, ते घेतलं की दोन्ही बाजूंना गळ टाकता येतो. डेलावेअर नदीवर न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनिया, कुठल्याही एकाचं लायसन्स चालतं. पण मासे किती नि केवढे ठेवायचे हे वेगळं असू शकतं, म्हणून आमचा नियम असा की दोन्हींतला जो कडक तो पाळायचा. आणि सगळ्यात जास्त लोक पकडले जातात ते धक्क्यावर. पलीकडच्या पाण्यात कायदेशीर पकडलेला मासा घेऊन अलीकडे उतरलात आणि इथे त्या माशाचा हंगाम बंद असेल तर 'तिकडे पकडला' हे सिद्ध कसं करणार?

निळीशार
हा धक्क्याचा मुद्दा भारी आहे. आपल्याकडे पण असं होऊ शकतं ना? माशाच्या साइजवरून?

काळा_कोट
होऊ शकतं, आणि हल्ली जास्तच. केरळने ५८ जातींचे किमान आकार ठरवलेत, बांगडा १४ सेंटिमीटर, तारली १०. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींची यादी काढली, त्यात पापलेट १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. तपासणी बहुतेक होते ती बंदरावर, लिलावाच्या जागी. गळकरींचा 'कडक तो पाळा' हा नियम मी तर भिंतीवर लिहून ठेवा म्हणेन. मासा जिथे पकडला तिथला कायदा आणि जिथे उतरवला तिथला कायदा, दोन्ही लागतात.

काही गोष्टींना मात्र राज्य नाही. समुद्री कासव, बहिरी (व्हेल शार्क), हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात, कुठल्याही पाण्यात सापडलं तरी सोडायचंच. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून जाळं कापून असा प्राणी सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, फोटो आणि व्हिडिओ लागतो.

पात_आणि_पाणी
हो, ती भरपाई आमच्या वाडीत दोघांना मिळाली. आधी लोक जाळं वाचवायला बघायचे, आता मोबाईल आधी काढतात.

झाईचा_पोरगा
आणि वादळ आलं तर? तेव्हा पण परवाना विचारणार का? आम्ही एकदा इंजिन बंद पडून वाहत वाहत वर गेलो होतो म्हणून विचारतो.

जुनो_तांडेल
नाही रे बाबा. जीव वाचवायला कुणाचंही बंदर आपलंच. डिसेंबर २०१७ ला ओखी वादळात ६८ बोटी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या, ६६ केरळच्या नि २ तामिळनाडूच्या, ९५२ माणसं. कुणी विचारलं नाही की परवाना कुठला. जेवण, कपडे, डिझेल, सगळं झालं. भाषा कळत नव्हती, हाताने बोलत होते लोक.

देवगडचं बंदर असं आहे की वारा पडला नाही तर गुजरातपासून खालपर्यंतच्या बोटी तिथे आसऱ्याला उभ्या असतात. फक्त एक पाळायचं. आत शिरायच्या आधी व्हीएचएफ रेडिओवर सांगायचं, आणि जाळी डेकवर वर घेऊन बांधून ठेवायची. ओली जाळी आणि आसऱ्याची गोष्ट एकत्र सांगितली तर कोण विश्वास ठेवणार.

सुका_जवळा
मला एक सांगा, हे सगळे नियम एक का करत नाहीत? एक देश एक बांगडा.

काळा_कोट
तेवढं सोपं नाही हो. केरळात गर्दी आहे रिंगसीन या वेढ्याच्या जाळ्यांची, गुजरातेत ट्रॉलरची, आपल्याकडे डोल, कांडाळी, रापण अशा जाळ्यांची. पापलेट जिथे वाढतं तिथली गरज वेगळी, तारलीची वेगळी. एकच नियम केला तर तो सगळ्यांत मोठ्या बोटीवाल्याच्या सोयीचा होईल अशी मला भीती वाटते. त्यापेक्षा त्या टेक्सोमासारखं दोन शेजारी राज्यांनी हद्दीच्या दोन्ही बाजूंचा चिंचोळा पट्टा छोट्या कांडाळीवाल्यांना सामायिक दिला तर तुमच्यासारख्याचा प्रश्न सुटेल.

१२ मैलांच्या बाहेर मात्र केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम आणलेत, यांत्रिक आणि मोठ्या बोटींना रियलक्राफ्ट पोर्टलवरून अ‍ॅक्सेस पास घ्यायचा. छोट्या पारंपरिक होड्यांना तो लागत नाही.

पात_आणि_पाणी
सामायिक पट्टा चालेल. पण त्यात ट्रॉलर शिरला तर दोन्ही राज्यं एकमेकांकडे बोट दाखवतील, लिहून ठेवा.

कांडाळीवाला
सगळ्यांचे आभार, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. काय केलं ते सांगतो. काल तेरेखोल गावाची हद्द किनाऱ्याला जिथे मिळते तिथपर्यंत मोटरसायकलने गेलो, चालत खाली उतरलो, ती जागा जीपीएसमध्ये घेतली आणि तिथून समुद्रात रेघ ओढून ठेवली. त्याच्या एक मैल अलीकडे दुसरी रेघ, लाल, माझी स्वतःची. वारा उत्तरेचा असेल तर जाळी आता तीन मैल वरूनच सोडणार, म्हणजे ओढेपर्यंत लाल रेघेच्या आतच राहील. बांगडा गेला पलीकडे तर गेला. होडीवरचा दुसरा पोरगा म्हणाला की मासे पण रेघ बघूनच गेले असतील.

काका, एक राहिलं. होडी लाल रेघेच्या आत आहे पण जाळ्याचं दुसरं टोक बाहेर गेलं तर? माझी जाळी लांब आहे.

जुनो_तांडेल
जाळ्याचं टोक कुठे आहे ते बघायचं, होडी नाही. टोकाच्या बोयाला बावटा लाव आणि त्याच्यावर तुझ्या होडीचा नंबर. आणि रेघ अजून अर्धा मैल वर घे.

कांडाळीवाला
घेतली.